हर्णैचा इतिहास आणि पोटापाण्याचा प्रश्न

प्रश्न : मी दापोलीत बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय इतिहास. हर्णै बंदरावर प्रकल्प करायचा आहे, पण इंटरनेटवर तिथल्या सुवर्णदुर्ग किल्ल्याचे तेच ते दोन परिच्छेद सापडतात. खरी साधनं कुठे मिळतात? आणि बाबा विचारतात, यावर पोट भरतं का?

उत्तर : तुझ्या आणि बाबांच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं एकच आहे : मोडी, म्हणजे जुन्या मराठी कागदांची लिपी, शीक.

पण सुरुवात गॅझेटिअरपासून, म्हणजे इंग्रजी राजवटीतल्या जिल्हावार माहितीग्रंथापासून, कर. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा दहावा खंड (१८८०) रत्नागिरी आणि सावंतवाडीचा आहे, तो स्कॅन केलेला मिळतो. बंदरं आणि व्यापाराची प्रकरणं आधी वाच. किल्ल्यांच्या दंतकथा नंतर वाचल्यास तरी चालेल, त्या तुझ्या दोन परिच्छेदांत आल्याच असतील. शोधताना नावं अडवतात. इंग्रजी कागदांत सुवर्णदुर्ग ‘सेव्हर्नड्रूग’ होतो, विजयदुर्ग ‘घेरिया’ आणि बाणकोट ‘फोर्ट व्हिक्टोरिया’. (१७५५ मध्ये सुवर्णदुर्ग घेणाऱ्या कमोडोर जेम्सच्या स्मरणार्थ लंडनमध्ये याच बिघडलेल्या नावाचा मनोरा आहे.) पेशवाईच्या कागदांत ‘दापोली तालुका’ शोधत बसू नकोस, तिथे ‘तालुके सुवर्णदुर्ग’ असतं. तुझी मैत्रीण मालवणवर काम करत असेल तर तिला सांग, सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये वेगळा झाला. त्याआधीचं बरंच काही रत्नागिरीच्या नावाखाली लागतं.

खरा खजिना पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दप्तर. हे मोडीतले कागद रुमालांत, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांत, असतात. जाताना महाविद्यालयाचं ओळखपत्र आणि मार्गदर्शकांचं पत्र ने, आधी सूची पाहा, आणि एका वेळी एक-दोनच रुमाल मागव. रुमाल क्रमांक तिथेच टिपून ठेव, घरी आल्यावर आठवत नाही. भारत इतिहास संशोधक मंडळही (स्थापना १९१०) पुण्यातच आहे, त्यामुळे एका फेरीत दोन्ही कामं होतात.

आता मोडी. अक्षरओळख काही आठवड्यांत होते, तिथे कोणी अडत नाही. अडतं ते पुढे : शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं, संक्षेप भरपूर असतात आणि तारखा तर स्वतंत्र विद्याच. समज, कागदावर ‘छ ५ रमजान, इसन्ने सबैन मया व अलफ’ असं आहे. ‘छ’ म्हणजे चंद्र, हिजरी महिन्याची तिथी. पुढचे अरबी आकडे : दोन, सत्तर, शंभर, हजार. म्हणजे सुहूर सन (मराठी दप्तरांतली कालगणना) ११७२. त्यात ५९९ मिळवले की १७७१, आणि रमजान म्हणून डिसेंबर. पण हे वर्ष मृगाला सुरू होतं आणि पुढच्या इसवी सनात जाऊन संपतं. त्याच सनात महिना मोहरम असेल तर तो १७७२ चा एप्रिल, तिथे ६०० मिळवायचे. नवशिके सरसकट ५९९ मिळवतात आणि अर्ध्या पत्रांचा क्रम उलटा लावतात.

घराजवळही साधनं आहेत. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जुने फेरफार आणि गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, आहे का विचार. जुन्या नोंदी मोडीत असू शकतात. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीतल्या मृत्यूंची पानं जपलेली असतील तर वाडीवार मोजणी हाच एक प्रकल्प होईल. कुलवृत्तांत, म्हणजे घराण्यांचे छापील इतिहास, वंशावळींसाठी जरूर वापर. मूळपुरुषाच्या पराक्रमावर मात्र दुसरा पुरावा मिळेपर्यंत विश्वास ठेवू नकोस. बंदरावरच्या वयस्कर माणसांशी बोलताना साल विचारू नकोस. ‘तुमच्या लग्नाआधी की नंतर?’ असं विचार, उत्तर जास्त नेमकं येतं.

बाबांना स्पष्ट सांग : फक्त इतिहासाच्या पदवीवर कायम नोकऱ्या कमी आहेत. प्राध्यापकीसाठी एम.ए. (खुल्या गटाला किमान ५५ टक्के) आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते, आणि जागा निघण्याची वाट पाहावी लागते. अभिलेखागाराकडे जायचं असेल तर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचा एक वर्षाचा अभिलेखशास्त्राचा पदविका अभ्यासक्रम आहे, उत्खननाची ओढ असेल तर डेक्कन कॉलेजचं पुरातत्त्वातलं एम.ए. मोडीचं तसं नाही, ती पदवीच्या आधीही कामाला येते. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. जमिनीच्या वादांत आणि जातपडताळणीत जुन्या कागदांचं लिप्यंतर लागतंच. हे काम कागदागणिक मिळतं, पगारासारखं नाही, हेही बाबांपासून लपवू नकोस.

पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं. पुढचा वर्ग कधी, हे आत्ताच विचारून ठेव. तोवर प्रकल्पाचा विषय ‘हर्णैचा इतिहास’ इतका पसरट ठेवू नकोस. ‘गॅझेटिअरमधलं हर्णै बंदर : आयात, निर्यात आणि आजची जेटी’ एवढंच घे. त्याला मोडी लागत नाही, आणि या सत्रात तो पुरा होतो.