रक्त नसलेल्या नळीत ताण कसला?

प्रश्न : माझी मुलगी पीएच.डी.साठी धमनीच्या भिंतीतल्या ताणाचं संगणकावर मॉडेल करते. ती म्हणते, शरीराबाहेर काढलेल्या रिकाम्या धमनीतही ताण असतो. रक्त नाही, दाब नाही, मग ताण येतो कुठून? – एक वाचक, सातारा

उत्तर : मुलीचं बरोबर आहे. कांद्याच्या पातीच्या देठाला उभे चिरे देऊन ती गार पाण्यात टाका. थोड्याच वेळात पट्ट्या बाहेरच्या अंगाला वळतात. आतला गर पाणी शोषून फुगायला बघतो, वरची साल त्याला आवळून धरते. देठ अखंड असतो तोवर त्यातलं काहीच दिसत नाही.

धमनीची आडवी चकती कापून तिला एका जागी उभा छेद दिला, की तीही इंग्रजी 'सी'सारखी उघडते. कॅलिफोर्नियातले जैवयांत्रिकीचे संशोधक युआन-चेंग फंग यांनी १९८०च्या दशकात या गोष्टीचं महत्त्व दाखवून दिलं. हा आतला ताण धरला नाही, तर रक्तदाबाखाली भिंतीच्या आतल्या बाजूवर बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त ओढ येते, असं गणित सांगतं. तो धरला की ओढ जवळपास सारखी वाटली जाते. मी मूळचा यांत्रिकीचा मास्तर, त्यामुळे मला तोफेची नळी आठवते. कारखान्यात आधीच प्रचंड दाब देऊन तिची आतली बाजू कायमची दाबलेली ठेवतात, म्हणजे बार उडताना ती फाटत नाही. धमनी हे काम वाढता वाढता करते, आणि तेही फुकटात!

मॉडेल करणाऱ्याची खरी पंचाईत पुढे आहे. ताण मोजायचा तर बिनताणाचा आकार माहीत हवा, आणि जिवंत ऊतीत तो कुठेच तयार सापडत नाही. १९९४मध्ये रॉड्रिग्ज, होगर आणि मॅककलक या संशोधकांनी यावर एक युक्ती मांडली : प्रत्येक बारीक तुकडा आपापला मोकळा वाढला असं समजा. असे तुकडे एकमेकांत बसत नाहीत. ते बसवण्यासाठी जेवढं ताणावं-दाबावं लागेल, तोच आतला ताण.

पण एका छेदानं सगळा ताण सुटतो, यावर माझा विश्वास नाही. महाधमनीचे थर सोलून वेगळे केले, तर प्रत्येक थर पुन्हा आपला आकार बदलतो. तेव्हा मुलीला एवढंच विचारा : तुझ्या मॉडेलमध्ये भिंत एकसंध धरली आहेस, की थरांची?