एम-वन आणि मेकॅनिक्स राहिलंय, नेमकं कुठून शिकू? – माझं उत्तर

आधी तुझा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. दहावीपर्यंत मराठी माध्यम, त्यामुळे इंग्रजी अडतं, आता मेकॅनिकल इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष. पहिल्या सेमला एम-वन (गणिताचा पहिला पेपर) आणि मेकॅनिक्स राहिलं, म्हणजे दोन्हीत नापास. मोबाइलवर चाळीसेक प्लेलिस्ट सेव्ह आहेत, रोजचा दीड जीबी त्यातच संपतो. लॅपटॉप नाही. वडिलांची विहिरीवरची पाच एचपीची मोटर लहानपणापासून खोलत-जोडत आलास म्हणून मेकॅनिकल घेतलंस. आणि विचारतोयस की कुठला चॅनल बघू, क्लास लावू का, कोणती प्रोग्रॅमिंग लँग्वेज शिकू.

वयाने बराच मोठा आहे म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. मी मेकॅनिकलचाच. वीस वर्षं भोसरी-चाकण पट्ट्यात डिझाइनचं काम केलं, आता शनिवार-रविवारी पोरांना शिकवतो. माझीही एक केटी (राहिलेला विषय) होती, मेकॅनिक्सचीच. त्या पेपरात तीस किलोचा ठोकळा उतारावर ओढायला मी 4,000 न्यूटन बळ काढलं होतं. म्हणजे चारशे किलोचं ओझं उचलायला लागेल तेवढं! उत्तराखाली दोन रेघा मारल्या आणि पुढच्या प्रश्नाला लागलो. कॅल्क्युलेटर रेडियनवर होता. अख्खा पेपर तसाच गेला.

चूक कॅल्क्युलेटरची होती असं मी बरेच दिवस सांगत फिरलो. खरी गोष्ट अशी की ते उत्तर बघून मला काहीच खटकलं नाही. तुझंही दुखणं तेच असावं असं मला वाटतं. चॅनल कमी पडलेले नाहीत. आपलं उत्तर चुकलंय हे पाठीमागचं उत्तर न बघता ओळखता येत नाही, म्हणून प्रत्येक गणितानंतर पुढचा व्हिडिओ लावावासा वाटतो. त्यामुळे आधी तपासायचं कसं ते सांगतो, साधनांचं नंतर.

पेपर हातात पडला की पहिलं काम sin 30 दाबायचं. 0.5 आलं तर डिग्री, -0.988 आलं तर रेडियन. मेकॅनिक्सला डिग्री ठेव. एम-वनला जिथे त्रिकोणमितीच्या फलनांचं डिफरन्शिएशन-इंटिग्रेशन येतं तिथे किमती घालताना रेडियन.

एम-वनमध्ये तर बहुतेक उत्तरं स्वतःच तपासता येतात, फक्त ते कुणी सांगत नाही. आयगेन व्हॅल्यू काढल्यास? त्यांची बेरीज मॅट्रिक्सच्या मुख्य कर्णावरच्या आकड्यांच्या बेरजेइतकी यायला हवी, आणि गुणाकार डिटरमिनंटइतका. वीस सेकंदांचं काम. पार्शल डेरिव्हेटिव्ह काढलंस तर x=1, y=2 असे साधे आकडे घाल, मग y तसाच ठेवून x 1.001 कर, मूळ फलनात किती फरक पडला ते बघून 0.001 ने भाग. तुझ्या उत्तराच्या जवळपास आलं नाही तर कुठेतरी घसरलास. इंटिग्रेशनचं उत्तर उलटं डिफरन्शिएट कर. डिफरन्शियल इक्वेशनचं उत्तर मूळ समीकरणात घालून बघ. यातलं एकही नवं नाही, पण दहा गणितांवर ही सवय लावलीस तर सोडवलेले पन्नास नमुने वाचण्यापेक्षा जास्त हाती लागेल.

मेकॅनिक्समध्ये जरा थांबूया, कारण तिथली तपासणी जास्त मजेची आहे. उतारावरून घसरणारा ठोकळा घे. घर्षण धरून त्वरण येतं g(sinθ − μcosθ); θ उताराचा कोन, μ घर्षणाचा गुणांक, g गुरुत्वत्वरण. पाठ असेलच. आता टोकाच्या किमती घालून बघ. θ = 90 अंश, म्हणजे उतार नाहीच, सरळ भिंत. त्वरण आलं g. बरोबर, वस्तू सरळ खाली पडेल. आता θ = 0, म्हणजे सपाट टेबल. त्वरण आलं −μg. म्हणजे टेबलावर निवांत ठेवलेला ठोकळा आपोआप मागे पळायला लागला? इथे बहुतेक पोरं म्हणतात, सर, फॉर्म्युला चुकला. फॉर्म्युला ठीक आहे, तो फक्त ठोकळा खाली घसरत असतानाच लागू पडतो. घर्षण जास्तीत जास्त μN इतकं होऊ शकतं (N म्हणजे पृष्ठभागाने ठोकळ्यावर लावलेलं लंब बळ). दर वेळी तेवढंच असेल असं नाही. टेबलावर ओढणारंच कुणी नाही, मग घर्षण शून्य. स्थिर ठोकळा घसरायला tanθ हा स्थितिक घर्षणाच्या μ पेक्षा मोठा हवा. ही अट पुस्तकात बारीक अक्षरात असते आणि आपण ती गाळून पुढे जातो. शून्य घालून बघितलं तर मात्र तीच समोर येऊन उभी राहते.

दोर, रोलर, शिडी, सगळीकडे हेच. वजन दुप्पट केलं तर काय, μ शून्य केला तर काय, शिडी अगदी उभी केली तर काय. फ्री बॉडी डायग्राम (एकट्या वस्तूवरची सगळी बळं बाणांनी दाखवणारी आकृती) काढताना एकच शिस्त: प्रत्येक बाणाजवळ तो कोण देतंय ते लिही. पृथ्वी, भिंत, जमीन, दोर. देणारा सापडला नाही तर तो बाण खोटा आहे, खोड. दुसऱ्या वर्षाच्या पोरांच्या वह्यांतही असे बेवारशी बाण दिसतात.

आता साधनांकडे. माझी कसोटी एकच, ते तुला सोडवायला आणि तपासायला लावतं का.

एनपीटीईएलचे कोर्स मोफत शिकता येतात, आयआयटी आणि आयआयएससीचे प्राध्यापक शिकवतात. बारा आठवड्यांचा एक कोर्स घे, एका सेमला एकच. पाच-पाच कोर्सना नाव नोंदवून एकही पूर्ण न करणारे मी इतके पाहिलेत की आता मोजणंच सोडलं. व्हिडिओ कॉलेजच्या वायफायवर उतरवून ठेव. लेक्चरचं लेखी रूपही मिळतं, काही कोर्सचं मराठीतही. उलट्या क्रमाने कर. आधी आठवड्याची असाइनमेंट व्हिडिओ न बघता सोडवायचा प्रयत्न कर, अडलं तेवढ्याच भागाचं लेक्चर बघ. डेटाही वाचतो. प्रमाणपत्र हवं असेल तर असाइनमेंटला 25 टक्के आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला 75 टक्के वजन असतं. त्या परीक्षेला फी आहे, पहिल्याच वर्षी तिच्या मागे लागू नकोस.

मॅट्रिक्स डोक्यात बसत नसेल तर अमेरिकेतल्या एमआयटीच्या ओपनकोर्सवेअर या मोफत साइटवर गिल्बर्ट स्ट्रँग यांची लिनियर अल्जिब्राची लेक्चर्स आहेत. म्हातारबाबा फळ्यावर खडूने इतकं सावकाश शिकवतात की इंग्रजी कच्चं असलं तरी आकड्यांवरून कळतं. तिथे जुने पेपर उत्तरांसह मिळतात, माझ्या मते खरा माल तोच.

इंग्रजीचं म्हणालास. आधी गोष्ट मराठीत समजून घे, शब्द इंग्रजी ठेव. 'मोमेंट म्हणजे बळ गुणिले लंबांतर, आणि म्हणून पाना लांब असला की नट लवकर सुटतो', असं स्वतःशी मोठ्याने बोल. मग तेच तीन ओळींच्या साध्या इंग्रजीत वहीत लिही. वायव्हाला त्या तीन ओळीच कामी येतात. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षण परिषदेच्या) ई-कुंभ पोर्टलवर अभियांत्रिकीची मराठी पुस्तकं फुकट उतरवता येतात. भाषा काही ठिकाणी जड आहे, तरी इंग्रजी पुस्तक शेजारी ठेवून वाचायला चांगली. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर पायथन, लिनक्स, सायलॅब असे छोटे छोटे धडे आहेत, बरेचसे मराठी आवाजातही. दहा मिनिटांचा धडा थांबवत थांबवत बघायचा आणि शेजारी स्वतः टाइप करायचं, अशीच त्यांची बांधणी आहे. नुसते बघितलेस तर वेळ वाया.

लँग्वेजचा प्रश्न यातच सुटतो. कॉलेजात जी शिकवतात ती नीट कर, पर्याय असेल तर पायथन. लॅपटॉपसाठी आत्ता कर्ज काढू नकोस. कॉलेजची लॅब दुपारी चारनंतर रिकामी असते (निदान आमच्या वेळी असायची), आणि गूगल कोलॅब (पायथन लिहून चालवायची ऑनलाइन सोय) मोबाइलच्या ब्राउझरमध्येही चालतं. बोटं दुखतात, पण चालतं.

मोबाइलवर दोन गोष्टी मात्र आजच टाक. जिओजेब्रा, कुठल्याही फलनाचा आलेख काढायला. आणि फायफॉक्स, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठातल्या लोकांनी बनवलेलं. ते फोनमधलेच सेन्सर वापरून प्रयोग करू देतं. फोन पिशवीत घालून सुतळीने दाराच्या चौकटीला टांग, लोंबकळती लांबी एक मीटर ठेव आणि हळूच झोका दे. जाऊन परत येणाऱ्या एका पूर्ण झोक्याला साधारण दोन सेकंद लागतील, वीस झोक्यांना चाळीस. त्यावरून g काढ. मग एक प्रयोग मुद्दाम बिघडव: लांबी मोजताना पाच टक्के चूक केलीस तर g पाच टक्के चुकेल, पण वेळेत पाच टक्के चूक केलीस तर जवळजवळ दहा. कारण सूत्रात वेळेचा वर्ग आहे. जर्नलमध्ये 'एरर अॅनालिसिस' म्हणून जे मागच्या बॅचचं उतरवून काढतात, ते हेच.

क्लासबद्दल. तुझी सोडवलेली वही कुणी लाल पेनाने तपासून परत देणार असेल तर लाव. फळ्यावरचं उतरवून घ्यायला लावणारा असेल तर पैसे वाचव आणि एकदा पुण्याला आलास की अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या दुकानांत चक्कर मार. मागची एडिशन निम्म्या किमतीत मिळते, गणितं तीच असतात. केटीच्या तयारीला जुने पेपर हवेतच, पण सॉल्व्ह्ड पेपर वाचायचे नाहीत. अडीच तास घड्याळ लावून कोरा पेपर सोडवायचा, मग उत्तरं उघडायची.

एआयला गणित विचारू का, हे तू विचारलं नाहीस, पण विचारत असशीलच. विचार, फक्त आधी स्वतःचं पूर्ण लिहून मग. चुकीचं उत्तरही ते इतक्या ठामपणे देतं की वर सांगितलेली तपासणी येत नसेल तर तू फसशील.

आता तुझी मोटर. पाच एचपी म्हणजे पाटीवर 3.7 किलोवॅट लिहिलेलं असेल, थ्री फेज, 415 व्होल्ट. पॉवर फॅक्टर आणि एफिशिअन्सी दोन्ही 0.8 धरून करंट काढ, आठ अँपिअरच्या आसपास येतो. आमच्या गावचा वायरमन 'एचपीला दीड अँपिअर' म्हणायचा. साडेसात. शाळा सातवीची, पण त्याला त्या आठाबद्दल कधी शंका आली नसती.

पुढचं तू कर. पाण्याच्या पातळीपासून पाइपच्या तोंडापर्यंतची उंची आणि पाइपमधलं घर्षण मिळून तीस मीटर हेड असेल आणि पंप निम्मी शक्ती पाण्याला देत असेल, तर सेकंदाला सहा लिटरच्या थोडं वर पाणी यायला हवं. दोनशे लिटरचा ड्रम बत्तीस सेकंदांत भरला पाहिजे. सुट्टीत घरी गेलास की तुझं खरं हेड मोजून आकडा नव्याने काढ, ड्रम लाव आणि वेळ घे. पन्नास सेकंद लागले तर आधी फूटव्हॉल्व्ह (पाइपच्या पाण्यातल्या टोकाची झडप) बघ, मग गणित.