बँकेच्या लिलावातलं बंद घर : वाचकांचे प्रश्न

बँकेनं ताब्यात घेतलेल्या घरांबद्दलची पत्रं थांबत नाहीत. लिहिणारे वेगळे, गोंधळ तोच. म्हणून यावेळी एकत्रच उत्तरं देतो. तुमचे कागद मी पाहिलेले नाहीत, एवढं मात्र प्रत्येक उत्तर वाचताना ध्यानात ठेवा.

प्रश्न : जाहिरातीत ‘जसे आहे, जिथे आहे, जे काही आहे’ तत्त्वावर विक्री, असं छापलंय. याचा अर्थ काय?

उत्तर : नंतर तक्रार चालणार नाही, हा.

प्रश्न : एजंट म्हणतो, बँकेनं कर्ज देताना कागद तपासलेच आहेत, आता वकिलाचा खर्च कशाला? शिवाय घर बाजारभावापेक्षा बरंच स्वस्त पडतंय.

उत्तर : बँकेनं कागद तपासले ते कर्ज देताना, स्वतःच्या वसुलीसाठी. तुमच्यासाठी कोणीच तपासलेले नाहीत. लिलावाच्या नियमांत शब्द असे आहेत की, बँकेला ‘माहीत असलेल्या’ बोजांपासून (म्हणजे मालमत्तेवरच्या देण्या-दाव्यांपासून) मुक्त अशी मालमत्ता खरेदीदाराला मिळू शकते. माहीत नसलेल्यांचं तुम्ही बघायचं. मूळ करारापासून खरेदीची साखळी, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा), सातबारा किंवा मिळकतपत्रिका, भोगवटा प्रमाणपत्र आणि सेरसाई या केंद्रीय नोंदवहीतल्या गहाणाच्या नोंदी एवढं तरी वकिलाकडून तपासून घ्या, आणि तो वकील एजंटनं सुचवलेला नको. स्वस्ताईचं म्हणाल, तर त्या घराचे आधी किती लिलाव फसले आणि का, हे एजंटला विचारा. व्यवहार झाला तरच त्याला दलाली मिळते, हेही विसरू नका.

प्रश्न : नाशिकमधला फ्लॅट आहे. नोटिशीत ताबा ‘सांकेतिक’ लिहिलाय. पण दाराला कुलूप आहे, शेजारी म्हणतात वर्षभर कोणी फिरकलं नाही. म्हणजे घर रिकामंच ना? बोली परवा आहे.

उत्तर : परवा बोली आणि आज पत्र! असो. या एका शब्दावरून जेवढी माणसं अडकलेली पाहिली, तेवढी दुसऱ्या कशावरून नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सरफेसी (2002) म्हणजे थकलेलं कर्ज गहाण मालमत्ता विकून वसूल करण्याचा बँकांचा कायदा. त्याखाली बँक आधी कलम 13(2) ची नोटीस देते. 60 दिवसांत पैसे आले नाहीत तर कलम 13(4) खाली ताबा घेते. सांकेतिक ताब्यात होतं एवढंच, की दारावर नोटीस चिकटते आणि ती दोन वर्तमानपत्रांत छापून येते, त्यातल्या एका स्थानिक भाषेतल्या. किल्ली कर्जदाराच्याच खिशात राहते. प्रत्यक्ष ताब्यात बँकेचं स्वतःचं कुलूप लागतं, सील लागतं, आतल्या सामानाचा पंचनामा होतो. तेव्हा दाराशी जाऊन आधी कुलूप कोणाचं ते बघा. बँकेचं सील नसेल तर घर भरलेलं आहे असंच धरून चाला, मग आत वर्षभर दिवा लागलेला नसो.

कर्जदार किल्ली देत नसेल तर बँकेला कलम 14 खाली दंडाधिकाऱ्यांकडे, जिल्ह्यात जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, जावं लागतं. कायद्यात आदेशासाठी 30 दिवस आहेत, कारणं नोंदवून फार तर 60. प्रत्यक्षात अर्ज महिनोन्‌महिने पडून राहतात, आणि आदेश झाला तरी पोलीस बंदोबस्ताची तारीख मिळायला आणखी खेटे. या काळात तुमचे पूर्ण पैसे बँकेत गेलेले असतात, नव्या कर्जाचा हप्ता सुरू असतो आणि राहत्या घराचं भाडंही.

त्यात लिलावानंतर भाडेकरू उगवतो, जुन्या तारखेचा करार हातात घेऊन. प्रत्येक भाडेकरू खोटा नसतो, ही खरी अडचण. भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण असलेल्याला सरफेसीच्या जोरावर बाहेर काढता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2016 मध्ये सांगितलं. 2019 च्या निकालानं त्याला मर्यादा घातल्या. तुमच्या दारातला माणूस कोणत्या बाजूला बसतो हे ऋण वसुली न्यायाधिकरण, म्हणजे डीआरटी, ठरवणार.

‘ताबा आम्ही मिळवून देतो’ म्हणणाऱ्यांना दारात उभं करू नका. स्वतः कुलूपही तोडू नका. फौजदारी अंगावर येईल. करायचं ते बोलीआधी: बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याला लेखी विचारा, की प्रत्यक्ष ताबा आहे का, पंचनाम्याची प्रत मिळेल का, कलम 14 चा आदेश झाला का, डीआरटीत काही प्रलंबित आहे का. उत्तरही लेखीच घ्या. फोनवरचं ‘होऊन जाईल साहेब’ हे उत्तर नव्हे. लेखी काही हातात नसेल तर परवाची बोली सोडा.

प्रश्न : काल बोली माझी लागली. आता गृहकर्जासाठी कोणत्या बँकेत अर्ज करू?

उत्तर : हा प्रश्न बोलीच्या आधीचा होता. अनामत धरून 25 टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी भरायची असते, उरलेली विक्री कायम झाल्यापासून 15 दिवसांत. मुदत लेखी संमतीनं वाढते, तीही तीन महिन्यांपर्यंतच. चुकलात तर भरलेले पैसे जप्त होतात, आणि अशी जप्ती सर्वोच्च न्यायालयानं 2024 मध्ये उचलून धरली आहे. आजच बँकेत जा, आणि मुदतवाढीचा अर्ज वकिलाकडून लिहून घ्या.

प्रश्न : सोसायटी जुन्या मालकाची थकबाकी माझ्याकडे मागते. वीजबिलही थकलंय. हे मी का भरायचं?

उत्तर : बहुतेक लिलावांच्या अटींत ही देणी खरेदीदारावरच टाकलेली असतात, तुमची नोटीस पुन्हा वाचा. विजेबाबत 2023 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वीज कंपन्यांच्या बाजूनं झुकतो, तरी आपल्याकडची वीज पुरवठा संहिता वकिलाला दाखवा. सोसायटीकडून महिनावार उतारा मागा, तोंडी आकडा मान्य करू नका. हस्तांतरण अधिमूल्य (ट्रान्सफर प्रीमियम) म्हणून महापालिका हद्दीत 25,000 रुपयांच्या वर मागत असतील तर देऊ नका, ‘विकास निधी’ असं गोंडस नाव दिलं तरी.

प्रश्न : ताबा मिळाला. आत जुन्या मालकाचं कपाट, देव्हारा, मुलांची दप्तरं, बंद फ्रीज आहे. भंगारात देऊ?

उत्तर : मुळीच नाही. तुम्ही घर घेतलंय, सामान नाही. प्राधिकृत अधिकाऱ्याला लेखी कळवा, यादी आणि फोटो त्याच्या समक्ष करा.

प्रश्न : पाहणीला अर्धा तास मिळणार आहे. दोन वर्षं बंद असलेल्या घरात काय बघू?

उत्तर : आधी नाक वापरा. न्हाणीघराच्या जाळीखालच्या ट्रॅपमधलं पाणी आटतं आणि गटाराचा वास, झुरळं वर येतात. हे बादलीभर पाण्यानं सुटतं, त्याला घाबरू नका. घाबरायचं ते बाल्कनीच्या तुंबलेल्या निचऱ्याला, कारण दोन पावसाळे तिथे पाणी साचलं असेल तर ते स्लॅबमध्ये उतरलेलं असतं. खालच्या मजल्यावरच्यांचं छत बघू द्या म्हणून विनंती करा. चौकटीवर वाळवीची मातीची रेघ, स्विचबोर्डमागे उंदरांनी कुरतडलेल्या किंवा चोरीला गेलेल्या तारा, मीटर जागेवर आहे की काढून नेलाय, हे पाहा. स्थापत्य अभियंता सोबत न्या. रंगाऱ्याचा अंदाज हा अभियंत्याचा अहवाल नव्हे.

प्रश्न : जुना मालक पैसे भरून घर परत घेऊ शकतो का?

उत्तर : लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली की तो हक्क संपतो, 2016 च्या दुरुस्तीनंतरचा हा अर्थ सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्ये स्पष्ट केला. पण बँकेनं नोटिशीत किंवा मुदतीत चूक केली असेल, तर कलम 17 खाली 45 दिवसांत तो डीआरटीत जाऊ शकतो आणि अख्खा लिलाव रद्द होऊ शकतो. तुमच्या घरावर असा अर्ज आहे का, हे वकिलाला शोधायला सांगा, अनामत भरण्याआधी.