कबड्डीत मुरगळलेला घोटा तीन महिन्यांनंतरही दुखतोय, काय करावं?
नुसती विश्रांती आता पुरे. घोट्याला रोज ताकदीचा आणि तोल सांभाळायचा व्यायाम द्या. पाऊल आत वळून मुरगळतं तेव्हा बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध (हाडांना एकमेकांशी जोडणारे पट्टे, लिगामेंट) ताणले जातात आणि पावलाची स्थिती मेंदूला कळवणारी जाणीवही मंदावते, म्हणून सूज उतरली तरी पाय दगा देतो. फिजिओथेरपिस्ट म्हणून मी सुरुवातीला एवढंच सांगते: दात घासताना दुखऱ्या पायावर 30 सेकंद उभे राहा, जमलं की भिंतीजवळ डोळे मिटून. चोळून, ओढून घोटा ‘बसवून’ मात्र घेऊ नका, अगदी कळकळीने सांगते. हाडावर बोट दाबल्यावर कळ येत असेल, सांधा अडकत असेल किंवा सूज परत परत येत असेल, तर आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. कूर्चेची, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असणाऱ्या गुळगुळीत थराची, इजा साध्या एक्स-रेत निसटू शकते.