प्रौढांचा इंग्रजी वर्ग टिकवायचा कसा?

प्रश्न : नागपूरच्या मानेवाड्यात मी संध्याकाळी मोठ्यांसाठी इंग्रजी बोलण्याचा वर्ग चालवते. आठवड्यातून चार दिवस, सव्वा तास. बुटीबोरीच्या कारखान्यांत जाणारे तरुण, दोन इलेक्ट्रिशियन, बाकी गृहिणी. जुलैत वीस जण येतात, दिवाळीपर्यंत सहा-सात उरतात. ‘मॅडम, डोक्यात काही शिरूनच नाही राहिलं’ म्हणतात आणि यायचे बंद होतात. कंटाळा नको म्हणून खेळ घेते, तरी गळती थांबत नाही.

उत्तर : ताई, खेळ चालू ठेवा, पण गळतीचं मूळ बहुतेक वेळा खाड्यात असतं. पाहुणे आले, शिफ्ट बदलली, दोन दिवस बुडाले. तिसऱ्या दिवशी धडा पुढं सरकलेला. चाळिशीतल्या माणसाला सगळ्यांदेखत ‘मला हे येत नाही’ म्हणण्यापेक्षा घरी बसणं सोपं वाटतं. म्हणून प्रत्येक तास त्याच दिवशी पुरा होईल असा बांधा : आज दवाखाना, उद्या बँक. पहिली १० मिनिटं मागच्या तीन तासांतली वाक्यं जोडीजोडीनं म्हणायची, आणि खाडा केलेल्याला रोज येणाऱ्याशेजारी बसवायचं. न आलेल्याला त्याच रात्री निरोप पाठवा. ‘का आला नाहीत?’ विचारू नका. ‘उद्या बँकेतलं बोलणं आहे, या दोन ओळी वाचून या’ एवढंच लिहा. आठवड्यानं केलेल्या फोनला फार उशीर झालेला असतो.

वेळापत्रक नागपूरच्या वर्षाला धरून आखा. जुलैपासून सलग चालणारा कोर्स पोळा, गणपती, महालक्ष्म्या यांत मोडणारच. त्यापेक्षा सहा ते आठ आठवड्यांचे तुकडे करा : जूनअखेर शाळा उघडल्यापासून पोळ्यापर्यंत, विसर्जनानंतर दिवाळीपर्यंत, मग हिवाळ्यात दोन. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना वर्ग ठेवूच नका. फी तुकड्यागणिक घ्या. एक तुकडा पुरा केलेला माणूस ‘मी वर्ग सोडला’ असं समजत नाही, तो पुढच्याला परत येतो.

‘शिरूनच नाही राहिलं’ या तक्रारीचं उत्तर आकड्यांत द्या. ‘३० दिवसांत फाडफाड इंग्रजी’च्या पाट्यांनी लोकांची फार दिशाभूल केली आहे. केंब्रिजच्या परीक्षांसाठी दिला जाणारा अंदाज असा : शून्यापासून ‘ए-टू’ (रोजचं साधं बोलणं जमण्याची) पातळीला साधारण १८० ते २०० तास, ‘बी-वन’ला (ओळखीच्या विषयांवर स्वतःचं स्वतः निभावण्याची पातळी) ३५० ते ४००. तुमच्याकडे आठवड्याला ५ तास होतात, म्हणजे आठ आठवड्यांत ४०. हे पहिल्याच दिवशी फळ्यावर मांडा. त्याच दिवशी प्रत्येकाचं एक मिनिटाचं बोलणं त्याच्याच मोबाइलवर रेकॉर्ड करा : घर, काम, रोजचा दिवस. चौथ्या आणि आठव्या आठवड्यात तोच विषय पुन्हा. ऐकायचं मात्र ज्याचं त्यानं. वर्गात वाजवलंत तर लाजरे गळतील.

आठवड्यातून एकदा ‘चार-तीन-दोन’ घ्याच. एकाच विषयावर एका जोडीदाराशी ४ मिनिटं बोलायचं, दुसऱ्याशी तेच ३ मिनिटांत, तिसऱ्याशी २ मिनिटांत. काय बोलायचं हे ठरलेलं असल्यानं मन फक्त भाषेकडं राहतं आणि जीभ सुटते. बदल त्याच संध्याकाळी जाणवतो. नवख्यांना २ मिनिटांपासून सुरू करू द्या. बोलणं चालू असताना चूक काढू नका. संपल्यावर एकाच प्रकारची चूक सांगा. आधी काळाची धरा, कारण काल आणि उद्या यांत गोंधळ झाला की अर्थच बदलतो. इंग्रजीत नामाआधी लागणारे ‘अ’ (a) आणि ‘द’ (the) हे शब्द मराठीत नाहीतच, त्या चुका वर्षानुवर्षं राहतात. त्यांच्यामागं लागून माणसं गमावू नका.

प्रश्न : वय ४९, इतवारीत कापडाचं दुकान. वाचलेलं कळतं, बोलताना ततपप होतं, घरी मुलं हसतात. वर्ग सोडावा का?

उत्तर : नाही. आपल्या राज्यात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. तुमच्या पिढीनं ते पाचवीपासून शिकलं, तेही वाचून आणि लिहून. डोळ्यांना सराव आहे, जिभेला नाही. अडखळण्याचं आणखी एक कारण असं की मराठीत क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीत ते कर्त्याला लागूनच हवं. मनात मराठी वाक्य पुरं करून भाषांतर करायला गेलं की सुरुवातच अडते. म्हणून सुरुवाती पाठ करा : ‘वी हॅव’, ‘आय नीड’, ‘यू कॅन’, ‘डू यू वाँट’. प्रत्येकीपुढं दुकानातल्याच तीन-चार गोष्टी जोडा : मीटर, रंग, भाव, बदलून देणं. अशी १५ वाक्यं रोज १० मिनिटं मोठ्यानं म्हणा. सोबत ‘प्लीज से इट अगेन’ आणि ‘वन मिनिट’ तोंडात बसवा. गिऱ्हाइकासमोर अडलात तर विचार करायला तेवढी उसंत मिळते. पहिले दोन महिने सराव मुलांसोबत करू नका. वर्गातला एक जोडीदार धरा आणि रोज रात्री ५ मिनिटं फोनवर त्याच्याशी इंग्रजीतच बोला.