ट्रेनच्या डब्यांवरचे स्टार काढून टाकू का?

प्रश्न: ताई नमस्कार, मी चौथीला शिकवते, वर्गात ३८ मुलं आहेत. यंदा वर्गाची थीम ट्रेन ठेवली, भिंतीवर इंजिन लावलं, मागे प्रत्येकाच्या नावाचा डबा, पुस्तक वाचलं की पिवळा स्टार आणि कुणाला मदत केली की लाल. पहिला महिना छान गेला. पण आता पेन्सिल दिली रे दिली की माझ्याकडे धावत येतात, "टीचर मी दिली, स्टार द्या", पुस्तकं सगळ्यात पातळ बघून घेतात, काहीजण तर न वाचताच वाचलं म्हणून सांगतात. एका मुलीच्या डब्यावर एकच स्टार आहे, ती हल्ली त्या भिंतीकडे बघतच नाही. थीमच बंद करू का?

उत्तर: थीम अजिबात बंद करू नका, ट्रेन मुलांना आवडलीय. स्टार मात्र काढा, आणि शक्यतो आजच.

तुमच्या वर्गात जे झालंय ते लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तीन मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्येच दाखवून दिलंय. चित्रं काढायला मनापासून आवडणारी बालवाडीतली मुलं घेतली, त्यातल्या काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सर्टिफिकेट मिळेल, आणि पुढे काही दिवसांनी नुसतेच रंग समोर ठेवले तेव्हा हीच मुलं बाकीच्यांच्या मानाने जवळपास निम्माच वेळ चित्रात रमली. बक्षीस ठरलं की आवडीच्या गोष्टीचंही नुसतं काम होऊन बसतं. वाचनाचंही तेच होतं आणि मदतीचं तर जास्तच, कारण ज्याला पेन्सिल दिली तो पोरगा बाजूलाच राहतो.

आता डबा मुलाच्या नावाचा नको, पुस्तकाच्या नावाचा करा. रोज पंधरा मिनिटं तुम्ही स्वतः मोठ्याने वाचा, पुस्तक संपलं की सगळ्या वर्गाचा मिळून एक डबा जोडायचा. अडखळत वाचणाऱ्या मुलालाही ऐकून गोष्ट पूर्ण कळते, त्यामुळे त्या डब्यात तोही बसलेला असतो. मधे एखाद्या ठिकाणी थांबून विचारा, "आता हिला काय वाटत असेल?" आणि मग गप्प बसा, खरंच गप्प, घाईने उत्तर देऊन टाकू नका. मला विचाराल तर दुसऱ्याच्या मनात डोकावायची सवय इथेच लागते, भिंतीवर "दयाळू बना" लिहून नाही लागत.

आणि एक डबा टपालाचा ठेवा. त्यात चिठ्ठ्या टाकायच्या, पण स्वतःबद्दल लिहायचं नाही, दुसऱ्याने काय केलं ते लिहायचं. नुसतं "तो चांगला आहे" चालणार नाही, नेमकं काय केलं ते हवं. माझ्या वर्गात एकदा चिठ्ठी आली होती, "मी वाचताना अडकले तेव्हा तो हसला नाही, शब्दाखाली बोट ठेवून थांबला." ती चिठ्ठी मी अजून जपून ठेवलीय. चिठ्ठ्या आधी तुम्ही वाचा म्हणजे खोडसाळ काही असेल तर कळेल, आणि ज्याचं नाव कधीच येत नाही त्याच्याकडे तुम्ही नीट लक्ष देऊन स्वतः चिठ्ठी लिहा, खोटी नाही हं, खरं काहीतरी सापडतंच.

मुलं विचारतील स्टार कुठे गेले, तर सरळ सांगा की ती पद्धत मला चुकीची वाटली म्हणून बदलली.

त्या मुलीला पहिलीतल्या मुलांना गोष्ट वाचून दाखवायला पाठवा. पातळ पुस्तक तिथे अगदी बरोबर असतं, कमीपणा नाही वाटत, आणि लहान मुलं "परत वाच ना" म्हणतात. पहिलीच्या टीचरशी बोलून आठवड्यातली वीस मिनिटं ठरवून टाका आणि पुस्तक दोन दिवस आधीच तिच्या हातात द्या, घरी मोठ्याने वाचून बघायला तेवढा वेळ तिला मिळायला हवा.