सूरसंवाद : अभिषेकींनी पदं आखडली का?

प्रश्न : आमच्या देवळाच्या उत्सवात यंदा ‘कट्यार काळजात घुसली’ बसवतोय. काका म्हणतात, संगीतकार जितेंद्र अभिषेकींनी नाट्यपदं आखडली, नाटकातली मैफल घालवली. खरं का? — एक वाचक, सावईवेरे

उत्तर : काकांचं अर्धं बरोबर आहे. उत्सवातल्या नाटकांना मी वर्षानुवर्षं ऑर्गनची साथ करतोय. वन्समोअरवर वन्समोअर पडताहेत, नायक ताना सोडायला तयार नाही आणि नायिका पदराचं टोक पिळत उभी, हे मी बसल्या जागेवरून पुष्कळ पाहिलंय. मजा येते, पण कथानक कुठे होतं ते गाणाराही विसरतो!

1964 साली दि गोवा हिंदु असोसिएशनचं ‘मत्स्यगंधा’ आलं. वसंत कानेटकरांचं नाटक, अभिषेकींच्या चाली. आपल्या म्हापशाच्या रामदास कामतांचं ‘गुंतता हृदय हे’ काकांना पाठ असेलच. त्यात पसरायला फारशी जागाच नाही. भाव पोचला की पद आटोपतं. मला वाटतं, ही शिस्त अभिषेकीबुवांना मुंबई आकाशवाणीच्या नोकरीत लागली असावी. तिथे घड्याळ कुणाची आलापी ऐकून घेत नाही.

पण गाणं पातळ केलं म्हणाल तर ते मला मान्य नाही. मंगेशीचा कीर्तनकाराचा हा मुलगा गिरिजाबाई केळेकरांपासून जगन्नाथबुवा पुरोहित, अझमत हुसेन खाँ यांच्यापर्यंत अनेकांकडे शिकला. ती शिदोरी ‘कट्यार’मध्ये (1967) कामी आली. तिथे भांडणच दोन घराण्यांचं. नाटककार दारव्हेकरांचं ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद प्रसाद सावकारांनी धानी रागात गायलं आणि खाँसाहेबांच्या भूमिकेतल्या वसंतराव देशपांड्यांनी सालगवराळी रागात. शब्द तेच, गळ्याची तालीम वेगळी. नाटकाचा अख्खा झगडा त्या दोन चालींत ऐकू येतो. संगीतकार म्हणून बुवांचं मोठेपण मला तिथे सगळ्यात जास्त दिसतं.

तेव्हा तुमच्या मंडळींना एकच सांगेन. ही दोन्ही पदं रेकॉर्ड लावून एकाच गुरुजींकडून घोटून घेऊ नका, दोघंही सारखेच गायला लागतील. खाँसाहेब करणाऱ्याची तालीम वेगळी ठेवा. तान कमी पडली तरी चालेल, पण फेक आणि आवाजाचा लगाव निराळा हवा. आणि दोघांच्या पट्ट्या, म्हणजे कोण कुठल्या सुरात गाणार ते, पहिल्याच तालमीला ठरवून ऑर्गनवाल्याला कळवा. प्रयोगाच्या संध्याकाळी रंगपटात ‘अर्धा सूर खाली घ्या’ म्हणणारे नट मला ठाऊक आहेत.